अनुसयाबाईंचं मनगट

वर्षा आत ब्लाऊजचं माप देत होती आणि मी शकीलाभाभींच्या दुकानाच्या पायरीवर बसून चिकू खात होते. रविवार होता. विट्याच्या त्या गल्लीत सुट्टीच्या दिवशीही यंत्रमागांचा खडखडाट बंद होत नाही, तो चालूच होता. ऊन चांगलंच तापलं होतं. रूपेश स्टँडच्या बाजूनं चालत येताना दिसला, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की इतक्या उन्हात यानं लांब बाह्यांचा, पँटबाहेर सोडलेला सदरा का घातलाय.

मी त्याला ओळखत होते. आमच्या शाळेची पाण्याची मोटर दुरुस्त करायला तो एकदा आला होता, आणि तेव्हापासून वर्षाच्या मागे लागला होता. वर्षा आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मूळची बार्शीची. मी पीटी शिकवायचे. आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्यानं राहायचो आणि ती मला शर्मिलाताई म्हणायची. तिनं रूपेशला एकदा रस्त्यात थांबवून सरळ सांगितलं होतं की मला यात काही रस नाही, पुन्हा मागे येऊ नका. त्यानंतर तो मागे यायचा थांबला होता. आम्हाला वाटलं, विषय संपला. मुख्याध्यापिकाबाईंनीही हेच सांगितलं होतं, लक्ष देऊ नका, आपोआप संपतं.

मी रोज पहाटे शाळेच्या मैदानावर मुलींना ज्युदो शिकवायचे. स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळले होते. मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे की अनोळखी माणूस अंगावर यायला लागला तर त्याच्या डोळ्यांकडे बघत बसू नका, हातांकडे बघा. डोळ्यांनी कोणी मारत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात माझ्यासाठी काही अर्थ उरला नव्हता. त्या दिवशी मात्र नजर आपोआप खाली गेली. रूपेशचा डावा हात हलत होता. उजवा दिसतच नव्हता, सदऱ्याच्या आत होता.

मी उठून उभी राहिले. चिकूची बी माझ्या तोंडातच होती.

"मॅडम, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमच्याशी माझं काही नाही."

अगदी साध्या आवाजात म्हणाला. बसमध्ये पुढे सरका म्हणतात तसं. त्या साधेपणानंच बहुतेक मी गोंधळले. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यानं मला खांद्यानं ढकललं. मी पायरीवरून खाली, उभ्या केलेल्या सायकलीवर पडले.

दुकान म्हणजे बोळकांडीच. दोन शिलाई मशीन, मागे माप घ्यायला लावलेला पडदा. मी सायकलीतून उठेपर्यंत तो आत गेला होता, आणि ओढणी सारखी करत वर्षा पडद्याबाहेर येत होती. तिनं त्याला बघितलं. त्याचा हात सदऱ्यातून बाहेर आला तेव्हा त्यात कोयता होता.

तिनं ओरडायला हवं होतं असं लोक नंतर म्हणाले. ती ओरडली नाही. तिनं फक्त डावा हात चेहऱ्यासमोर धरला, डोळ्यांवर ऊन आल्यावर धरतात तसा. पहिला घाव त्या हातावर बसला.

त्यानं कोयता पुन्हा उचलला. यापुढचं माझ्याकडून कसं झालं हे मला पोलिसांनाही नीट सांगता आलं नव्हतं. वर गेलेलं त्याचं मनगट मी मागून दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या अंगाला अंग भिडवलं, कंबर आत घातली आणि त्याला फेकलं. मशीनसकट तो खाली आदळला. मशीनच्या तेलाचा वास एकदम नाकात शिरला, आणि कुठून तरी बटणांचा डबा पालथा होऊन रंगीबेरंगी बटणं सगळीकडे घरंगळत गेली. तो पालथा पडला होता. मनगट अजून माझ्याच हातात होतं आणि कोयता त्याच्या मुठीत.

"सोड," मी म्हणाले. "सोड कोयता."

सोडला नाही. मी त्याचा हात सरळ ताणून माझ्या मांडीवर आडवा धरला.

मॅटवर असा हात धरला की समोरचा दुसऱ्या हातानं जमिनीवर थाप मारतो. म्हणजे हरलो, सोड. आणि आपण सोडतो. वर्षानुवर्षं मी थाप ऐकली की सोडत आले होते. रूपेश थाप मारत नव्हता. त्याला हे माहीतच नव्हतं. मी वाट बघत राहिले, दाब वाढवत राहिले, आणि त्याच्या कोपरातून असा आवाज आला जो मी मॅटवर कधीही ऐकला नव्हता. मग कोयता पडला.

तो किंचाळला तेव्हा गल्लीतले लोक आत आले. शकीलाभाभींनी शिवायला आलेलं कोणाचं तरी कापड फाडून वर्षाच्या हाताला घट्ट गुंडाळलं होतं. वर्षा भिंतीला टेकून बसली होती आणि मला सांगत होती, "ताई, सोडा आता. पडलाय कोयता. सोडा त्याला." माझी बोटं मला उघडताच येईनात. दोन माणसांनी ती एकेक करून सोडवली.

वर्षा वाचली. हाताला बरेच टाके पडले, शीर तुटल्यामुळे दोन बोटं नीट वळायची बंद झाली. तिचे आईवडील आले, तिला बार्शीला घेऊन जायला निघाले, पण टाके काढेपर्यंत मी इथेच थांबते असा तिनं हट्ट धरला. शेवटी ते तिला माझ्या भरवशावर ठेवून चार दिवसांसाठी गावी गेले.

माझ्या भरवशावर. सगळे असंच बोलत होते. पेपरात माझा फोटो आला. एका मंडळानं शाल आणि नारळ दिला. इन्स्पेक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावासाठी केलंत, कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही, निश्चिंत राहा. ज्यांनी कधी मुलींना मैदानावर पाठवलं नव्हतं ते पालक दारात येऊन उभे राहायला लागले, आमच्या मुलीलाही शिकवा.

सत्कारानंतरच्या पहिल्या वर्गात एका मुलीला डाव दाखवायला तिचा हात धरला, मऊ, घामेजलेला हात, आणि मला तो आवाज ऐकू आला. मी हात सोडून दिला. परीक्षा जवळ आल्यात, वर्ग काही दिवस बंद, असं सांगून मी मुलींना घरी पाठवलं. घरी आल्यावर वर्षाला म्हटलं की आता परत सुरू करणार नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी अनुसयाबाई आल्या.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर एक बाई येऊन उभी राहिली. उन्हातून चालत आलेली, डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. मला वाटलं, आणखी एका मुलीची आई असेल. मी वर्ग बंद असल्याचं सांगायला उठले.

"मी रूपेशची आई," ती म्हणाली.

वर्षा कॉटवर बसली होती. बँडेजचा हात तिनं उशीवर ठेवला होता, तो तिनं पोटाशी ओढून घेतला. मी दारात आडवी उभी राहिले. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, तक्रार मागे घ्या म्हणेल. इन्स्पेक्टरनी सांगून ठेवलं होतं, घरचे येतील, दारातूनच परत पाठवा. मी तिला तेच सांगितलं, जे काय आहे ते कोर्टात बोला.

"तक्रारीचं न्हाय," ती म्हणाली. "मला एक सांगायचं हाय. मग बाई, तुमी म्हनाल तर जाते."

ती उंबऱ्याबाहेरच खाली बसली. माझ्याकडे न बघता, माझ्या पायांच्या मधून आत वर्षाकडे बघत बोलायला लागली.

"कोयता आमचाच. शेरडांना पाला तोडायला ठेवलेला. त्या दिवशी सकाळी मी बघितलं, जाग्यावर न्हवता. यानं आंघूळ केली, सदरा घातला. जेव म्हनलं तर जेवला न्हाय. मला कळलं."

"काय कळलं?" मी विचारलं.

"की आज कुनाचं तरी बरं न्हाय."

मागे कॉट करकरली. वर्षा उठून उभी राहिली असावी. मी वळून बघितलं नाही. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की हे कुणालाही आधी कळण्यासारखं नव्हतं. अचानक घडलं. पेपरातही तसंच छापून आलं होतं, अचानक हल्ला. आणि ही बाई सांगत होती की सकाळीच तिच्या घरात ते माहीत होतं. वर्षानं आंघोळ करून केस वाळवले, आम्ही पोहे खाल्ले, निळं कापड घ्यायचं की मोरपंखी यावरून भांडलो, तेवढा सगळा वेळ ते माहीत होतं.

"आणि तुम्ही गप्प बसलात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सांगितलं का नाही?"

"कुनाला?"

तिनं खरोखरच विचारलं होतं. मी उत्तर देईन म्हणून ती थांबली. मी पोलिसांना म्हणाले, शेजाऱ्यांना म्हणाले. ती नकारार्थी मान हलवत राहिली. मग तिनं सांगितलं की तिचा नवरा असताना ती दोनदा चौकीवर गेली होती, दोन्ही वेळा त्यालाच बोलावून तिला त्याच्याबरोबर घरी पाठवलं होतं. शेजारी भिंतीपलीकडून ऐकायचे आणि रेडिओ मोठा करायचे. नवरा मेला तेव्हा तिला वाटलं, आता संपलं. काही दिवस बरे गेले. मग मुलानं सुरू केलं. कालवण खारट झालं, सदरा वाळला नाही, कुठल्या तरी पोरीनं त्याला नाही म्हटलं.

"ज्या दिवशी ही पोरगी त्याला न्हाय म्हनली, त्या दिवशी त्यानं मला धरलं," ती म्हणाली आणि पदराखालून उजवा हात काढून पुढे केला. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडी बसली होती. हाड कुणी नीट बसवलंच नव्हतं.

वर्षा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती त्या बोटांकडे बघत होती.

"जामीन मिळनार म्हनत्यात," अनुसयाबाई म्हणाल्या. "आज न्हाय तर म्हैन्यानं. मोडका हात बांधून घरीच येनार, दुसरीकडं कुठं जाईल. डावा हात हाय की त्याचा." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "बाई, तुमी त्याला धरलासा तवा त्याला हालता आलं न्हाय म्हनं. समदी म्हनत्यात. मला मारायला न्हाय शिकायचं. त्यानं धरलं की सुटायचं कसं, तेवढं दावा. सुटलं की मी पळीन."

मी नाही म्हणाले. वर्ग बंद केलाय म्हणाले. हे असं एका दुपारी येत नाही म्हणाले, जे खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या बाईचा राग आला होता, इतका की तिला हात लावायची माझी इच्छा नव्हती. आणि कुणाचंही मनगट पुन्हा हातात धरायची मला भीती वाटत होती. त्यातही हिचं. ज्याचं कोपर मी मोडलं, त्याच्या आईचं.

त्या उठल्या. पदर सारखा केला. आग्रह केला नाही, नकार त्यांना सवयीचा असावा.

"ताई, शिकवा त्यांना," वर्षा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"त्यांनी सांगायला हवं होतं," ती हळू बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "ते मी विसरणार नाही. पण त्याला 'नाही' मी म्हणाले आणि त्या दिवशी बोटं यांची मोडली. मला हे माहीतच नव्हतं. शिकवा त्यांना. तुम्हाला जमत नसेल तर मला सांगा कसं करायचं, मी एका हातानं दाखवते."

अनुसयाबाई आत आल्या. फरशीवर उभ्या राहिल्या, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलीसारख्या. मी समोर उभी राहिले. मी सांगायला लागले की कुणी मनगट धरलं की चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा दुसऱ्या बाजूला एकटा असतो. कितीही ताकदीचा माणूस असू दे, अंगठा एकटाच. म्हणून मागे ओढायचं नाही, त्यानं तो जास्त आवळतो. हात त्याच्या अंगठ्याकडे वळवायचा, कोपर पुढे टाकायचं आणि झटक्यात काढायचा. त्यांनी मान हलवली.

"आता मी धरते," मी म्हणाले आणि त्यांचं मनगट धरलं.

त्यांनी डोळे घट्ट मिटले. चेहरा खांद्याकडे वळवला, हनुवटी छातीशी घेतली, आणि थांबल्या. दुसरा हात खाली लोंबकळत राहिला, तो वरही आला नाही. पुढचा फटका कुठल्या बाजूनं येतो हे त्यांच्या अंगाला पाठ होतं आणि त्या त्याची वाट बघत उभ्या होत्या. मी फक्त मनगट धरलं होतं.

मी आयुष्यभर मुलींना तयार राहायला शिकवत होते. ही बाई माझ्या कोणत्याही मुलीपेक्षा जास्त तयार होती. फक्त मार खायला.

मी पकड सैल केली. वर्षा पुढे आली. "मावशी," ती म्हणाली, "डोळे उघडा. माझ्याकडे बघा. कुणी मारत नाहीये."

डोळे उघडायलाच खूप वेळ लागला. मी पुन्हा धरलं, त्यांनी पुन्हा मिटले. असं कितीतरी वेळा. शेवटी त्या वर्षाकडे बघत राहिल्या, मी आवळलं, आणि त्यांनी कोपर पुढे टाकून हात वळवला. सुटला. मी मुद्दाम सोडला नव्हता.

त्यांनी तो हात वर धरून बघितला. उलटा करून बघितला. पाला तोडून, भाकऱ्या थापून टणक झालेला हात. त्यात माझ्यापेक्षा जास्त ताकद होती.

"एवढंच व्हतं व्हय?" त्या म्हणाल्या.

मग खाली बसून रडल्या. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून. वर्षानं पाणी आणून दिलं.

त्या रोज दुपारी यायला लागल्या. आम्ही फार काही बोलायचो नाही. मनगट, मग केस धरले तर, मग मागून मानेला धरलं तर, आणि सुटल्यावर ओरडत पळायचं. ओरडणं त्यांना सगळ्यात जड गेलं. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. वर्षा टाके काढून बार्शीला गेली तोपर्यंत त्यांचा आवाज समोरच्या घरापर्यंत जायला लागला होता. समोरचे एकदा बघायलाही आले. मी पहाटेचा वर्ग परत सुरू केला. मुलींचे हात धरताना तो आवाज ऐकू यायचा, आजही कधीकधी येतो. पण मी हात सोडून देत नाही.

रूपेशला पावसाळ्यात जामीन मिळाला. तो घरी आल्यावर पाचेक दिवसांनी, सकाळी मी शाळेत निघत असताना, अनुसयाबाई पळत माझ्या दारात आल्या. केस सुटलेले, ओठ फुटलेला, गल्लीतल्या दोन बाया मागोमाग. "सुटले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वरडले बी." मी त्यांच्याबरोबर चौकीवर गेले. या वेळी त्यांना त्याच्याबरोबर घरी पाठवलं गेलं नाही. त्याचा जामीन रद्द झाला, आणि अनुसयाबाईंनी इन्स्पेक्टरना सांगितलं की कोयत्याबद्दल मला कोर्टात बोलायचं आहे.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की रूपेश फक्त बोलायला गेला होता, कोयता दुकानासमोरच पडलेला होता, रागाच्या भरात हातात आला. तसं ठरलं असतं तर शिक्षा बरीच कमी झाली असती. वर्षा बार्शीहून आली होती. माझी साक्ष झाली, तिची झाली. मग अनुसयाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोर मुलगा बसला होता आणि त्यांच्याकडे एकटक बघत होता. त्यांनी कोयता ओळखला, तो सकाळी जागेवर नव्हता हे सांगितलं, सदऱ्याचं सांगितलं.

त्याच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. स्वतःच्या पोटच्या मुलाविरुद्ध बोलताय, कुणी शिकवलं, असं विचारलं. मग म्हणाले, "कोयता दिसला नाही, तुम्हाला सगळं कळलं, तर त्या दिवशी गप्प का बसलात?"

"भ्या वाटलं."

"आणि आज भीती वाटत नाही?"

अनुसयाबाईंनी मुलाकडे बघितलं. पिंजऱ्याचं लाकूड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, हे मला मागच्या बाकावरूनही दिसत होतं.

"वाटती की," त्या म्हणाल्या. "आनि काय इचारायचं हाय?"